पितृपक्षानंतर टाकलेला अर्ज

एम.ई.च्या प्रवेशाचे दिवस आले की मी अख्ख्या नाशिकची वैरी होते. आलेल्या मुलांचे कागद तपासायचे आणि पात्र की अपात्र ते सांगायचं, हे कॉलेजात माझं काम. एकोणपन्नास पूर्णांक नव्याण्णव टक्के म्हणजे पन्नास नव्हे, हे मी वीस वर्षं घसा कोरडा करून सांगते आहे. कुणी रडायला लागलं तर पाण्याची बाटली पुढे सरकवते आणि पुढच्याला हाक मारते. आपलं काळीज घट्ट आहे, अशी माझी समजूत होती. विश्वेशने ती घालवली.

विश्वेश इंदिरानगरला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो. त्याचे वडील ढुंढिराज गुरुजी रामकुंडावर यात्रेकरूंची कार्यं करायचे. चार पिढ्या घरात तेच. एकुलत्या एका विश्वेशने मात्र डिप्लोमा केला आणि सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये लागला. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं जेवणापुरतं उरलं. "मीठ दे" आणि "पुरे", संपलं.

पण विश्वेशला कारखान्यात जन्म काढायचा नव्हता, त्याला शिकवायचं होतं. नव्या मुलांना मायक्रोमीटर कसा धरायचा हे दाखवायला तो पाळी सुटल्यावरही थांबायचा. कॉलेजात शिकवायचं तर एम.ई. हवं, एम.ई.साठी आधी पदवी हवी, आणि नोकरी सोडून पदवी करण्याची ऐपत नव्हती. तेव्हा एका संस्थेच्या परीक्षा नोकरी सांभाळून देता यायच्या. त्या पास झालं की पदवीच्या बरोबरीचं धरत. त्याच्याच टूलरूममधला महेश त्या वाटेने एम.ई. होऊन कॉलेजात लागला होता.

बारा वर्षांपूर्वी सप्टेंबरात विश्वेशने त्या संस्थेचा अर्ज भरला. पाकीट चिकटवून झालं. का कोण जाणे, पोस्टात जाण्याआधी त्याला वडिलांच्या पाया पडावंसं वाटलं. गुरुजींनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं, आणि कितीतरी वर्षांनी ते लेकाशी नीट बोलले.

"पितृपंधरवडा चाललाय रे. नवं काही आत्ता नको. घटस्थापनेला टाक. तोवर मी देवापुढे ठेवतो."

विश्वेशचा मुहूर्तावर काडीचा विश्वास नाही. "पण मालिनीताई, अप्पा माझ्याशी बोलले होते," असं त्याने मला पुढे सांगितलं. "म्हटलं, दहा-बारा दिवसांनी काय बिघडतंय?"

पाकीट देवघरात राहिलं. पूजा झाली की गुरुजी त्यावर एक फूल ठेवायचे. घटस्थापनेच्या सकाळी दोघं स्कूटरवरून पोस्टात गेले, रजिस्टर केलं आणि येताना टपरीवर उपासाचा साबुदाणा वडा खाल्ला. त्या वड्याची गोष्ट विश्वेशने मला निदान दहा वेळा सांगितली असेल.

मग अकरा वर्षं परीक्षा. चार वेळा नापास झाला. लग्नाची स्थळं "आधी परीक्षा होऊ दे" म्हणत परतवली, पुढे ती यायचीच थांबली. पण घरात बोलणं सुरू झालं होतं. पेपरच्या दिवशी गुरुजी जिन्यात मला गाठून सांगायचे, "आज थर्मोडायनॅमिक्स!" तो शब्द त्यांनी स्तोत्रासारखा पाठ केला होता. आणि मी शहाणी दरवर्षी विश्वेशला म्हणायचे, "तू फक्त पन्नासच्या वर टक्के आण, बाकी मी बघते."

गेल्या डिसेंबरात तो शेवटचा पेपर सुटला. एकूण अठ्ठावन्न टक्के. गुरुजींनी अख्ख्या इमारतीला पेढे वाटले.

यंदा जुलैमध्ये तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या टेबलासमोर बसला. गुणपत्रकावर मी खूण केली. जन्मतारखेवर केली. मग त्या संस्थेत नाव नोंदवल्याचा दाखला उघडला आणि माझा हात थांबला. तारीख होती अकरा ऑक्टोबर.

माझ्या मागच्या भिंतीवर नियमांचा कागद चिकटवलेला असतो. विश्वेशने अर्ज टाकला त्याच वर्षीच्या तीस सप्टेंबरपर्यंत त्या संस्थेत नाव नोंदवलेल्यांचीच परीक्षा पदवीच्या बरोबरीची, नंतरच्यांची नाही. हा नियम विश्वेशची परीक्षा चालू असताना कधीतरी निघाला आणि मागच्या तारखेपासून लागू झाला. मला तो तोंडपाठ होता. मी किती जणांना त्यावरून परत पाठवलं होतं! आणि विश्वेशला मी एकदाही विचारलं नाही की बाबा रे, तुझं नाव कधी नोंदवलंय? टक्के, टक्के करत बसले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

विश्वेशने तो कागद वाचला. "अकरा दिवस," एवढंच म्हणाला.

मी उठून साहेबांकडे गेले. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणासाठी तरी भांडले. साहेब शांतपणे म्हणाले, "मालिनीबाई, पन्नास म्हणजे पन्नास, हे तुम्हीच सांगता ना?"

परत आले तेव्हा विश्वेश कागद पिशवीत नीट भरत होता. "अप्पांना टक्के कमी पडले म्हणून सांगतो," तो म्हणाला. "तुम्हीही तेच सांगा, ताई. ते आता ऐंशीचे आहेत."

तिसऱ्या दिवशी ढुंढिराज गुरुजी रिक्षा करून कॉलेजात आले. धोतर, काळी टोपी, हातात पिशवी. रांगेतल्या मुलांनी वाट करून दिली.

"अठ्ठावन्न आहेत त्याला. कमी कसे पडतील? पुन्हा एकदा बघ ना, मालिनी."

"यंदा साठ लागतात, काका." त्या टेबलावरून मी बोललेलं ते पहिलं खोटं.

गुरुजी माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होते. यजमानांच्या वह्यांतून शंभर वर्षांच्या तिथ्या आणि तारखा शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. चष्मा सारखा करून त्यांनी तो कागद सावकाश वाचला.

"तीस सप्टेंबर," ते म्हणाले. "त्या साली सर्वपित्री चार ऑक्टोबरला होती."

ते बाकावर बसले. मी बाटली पुढे केली, पण त्यांच्या हाताला झाकण उघडेना, मी उघडून दिलं.

"त्याला ठाऊक आहे?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"आणि मला टक्के सांगतो." ते पाणी प्यायलेच नाहीत. "मी इथे आलो होतो हे त्याला कळू देऊ नकोस. मला माहीत नाही, असंच त्याला वाटू दे. माझ्यासाठी एवढं झाकून ठेवलंय त्याने."

त्या संध्याकाळी भाजी घेऊन मी जिना चढत होते. खालच्या घराचं दार उघडं होतं. ताटं मांडलेली होती.

"टक्के कमी पडले, म्हणजे अभ्यासच कमी पडला की रे," गुरुजी म्हणत होते. "थोडा अजून करायला हवा होतास."

"हो अप्पा," विश्वेश म्हणाला. "मीच कमी पडलो."

भाजीची पिशवी मांडीवर घेऊन मी तिथेच पायरीवर बसले आणि पदर तोंडात धरून रडले.