साबणबाईंची फुंकर

हात कोपरापर्यंत, नखं ब्रशने, मनगटं गोल फिरवून, आणि नळ बंद करायचा तो कोपराने. हे साबणबाई दिवसातून पन्नास-साठ वेळा करत. नवजात बाळांच्या वॉर्डाच्या त्या प्रमुख नर्स. तोंडावर सगळे 'सिस्टर' म्हणत, पाठीमागे 'साबणबाई'. हे पाठीमागचं नाव त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं. नवरा म्हणायचा, ही बाई साबणसुद्धा धुऊन वापरेल. सुनेला सातवा महिना लागला होता. तिने एकदा येणाऱ्या बाळाचे कपडे सहज उलगडून पाहिले, तर सासूबाईंनी अख्खा गठ्ठा पुन्हा उकळत्या पाण्यात टाकला. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या वॉर्डाकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि निवृत्तीला चार महिने उरले होते.

अशा बाईच्या वॉर्डात तीन आठवड्यांत चार बाळांना पू झाला.

पहिल्याला सलाइनची सुई टोचली होती तिथे, हाताच्या पाठीवर, मोहरीएवढा फोड आला. दुसऱ्याला तसाच, तिसऱ्याला पायावर. चौथं बाळ बाराशे ग्रॅमचं, अपुऱ्या दिवसांचं. त्याचा फोड कुणाच्या लक्षात येण्याआधीच जंतू रक्तात उतरले. ताप वगैरे काही नाही, उलट अंग गार पडलं, दूध घेईना, मध्येच श्वास घ्यायचंच विसरू लागलं. त्याची आई एकोणीस वर्षांची. काचेबाहेर उभी राहायची आणि प्रत्येक पाळीला एकच विचारायची, "सिस्टर, हे आलं कुठून?"

साबणबाईंकडे उत्तर तयार होतं. मावशी. म्हणजे वॉर्डाची फरशी पुसणारी, कंत्राटावरची बाई. तिच्या हातांना फिनेलने भेगा पडलेल्या, आणि नाक पदराला पुसायची खोड. साबणबाई अक्षरशः हात धुऊन तिच्या मागे लागल्या. बादली हुंगली, नखं तपासली, सगळ्यांदेखत तीनदा हात धुवायला लावले. मावशी ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. म्हणाली, मी हात लावते फरशीला, बाळांना नाही. फरशीला कुठे फोड आलाय का तेवढं बघून घ्या. नर्स मुली तोंड फिरवून हसल्या. ते हसणं साबणबाईंच्या जिव्हारी लागलं. त्याच दुपारी त्यांनी मावशीला काढून टाकण्याचं पत्र लिहून मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांना सगळे 'सर' म्हणत. मावशीचं अकरा वर्षांचं काम संपवायला एक सही पुरणार होती.

सर म्हणाले, सही गुरुवारी चारला करतो, आधी सगळ्यांच्या हातांचे आणि नाकांचे नमुने लॅबला जाऊ देत. यादीत बाराजण होते. पोरींनी कुरकुर करू नये म्हणून साबणबाईंनी आपलं नाव सर्वांत वर घातलं. कापसाची काडी नाकपुडीत फिरली, त्यांना शिंकसुद्धा आली नाही.

गुरुवारी तीन वाजता लॅबच्या काकांनी बोलावलं. काका साबणबाईंच्याच वयाचे, कानावर पेन, आणि माणसांपेक्षा जंतूंबद्दल जास्त आदर बाळगणारे. त्यांनी आधी स्टूल पुढे केलं. साबणबाई म्हणाल्या, बसायला वेळ नाही, मावशीचा कागद द्या.

"मावशीचं नाक स्वच्छ आहे. हातही," काका म्हणाले. "बसा."

मग त्यांनी एक काचेची बशी उजेडात धरली. तिच्यात सोनेरी ठिपके उगवले होते, टाचणीच्या डोक्याएवढे, गोल, चकचकीत. दिसायला चांगलेच म्हणायचे. बशीच्या तळाला काळ्या शाईने लिहिलं होतं, नाक, क्रमांक एक.

साबणबाई बसल्या.

आधी त्या म्हणाल्या, अदलाबदल झाली असेल. काकांनी दोनदा तपासलं होतं. मग म्हणाल्या, मला चार वर्षांत साधी सर्दी झालेली नाही. काका म्हणाले, तेच तर. त्यांनी रॅकमधली एक नळी काढून आडवी केली. आत रक्तातला पिवळसर पातळ भाग होता, तो ओघळायला हवा होता. ओघळला नाही. जेलीसारखा जागच्या जागी थिजला होता.

"तुमच्या नाकातला जंतू यात सोडला. चार तासांत हे असं," काका म्हणाले. "शरीरात शिरला की रक्त गोठवायचं आपलंच सामान वापरून स्वतःभोवती पांघरूण घेतो. पहारेकरी पेशी शेजारून निघून जातात, त्यांना वाटतं घरचंच काहीतरी आहे. त्याला दाखवून द्यायला ॲण्टिबॉडी आली, तर तिला उलट्या टोकाने पकडतो. पेशीला जे टोक सापडायला हवं, नेमकं तेच याच्या मुठीत. आणि एखादीने गिळलंच, तर तिलाच भोक पाडून बाहेर."

"आणि मला काहीच कसं झालं नाही?"

"नाकात तो गुपचूप राहतो. तुम्ही त्याला काही करत नाही, तो तुम्हाला. दहातल्या तिघांच्या नाकात असतो. हात सगळे धुतात हो, नाक कोण धुतं?"

चारही बाळांच्या जंतूंवर कुठली औषधं चालतात आणि कुठली नाहीत, याचा तक्ता साबणबाईंच्या नाकातल्या जंतूच्या तक्त्याशी ओळ न् ओळ जुळत होता. आणखी दोन नर्सेसच्या नाकात तो होता, पण त्याचा तक्ता वेगळा. शंभर टक्के मी कशालाच म्हणत नाही, काका म्हणाले. पण कागद चारला सरांकडे जाईल, तुम्हाला आधी कळावं एवढ्यासाठी बोलावलं.

जिन्यावर साबणबाईंना राग आला, आणि रागानेच त्या चालू शकल्या. मी मास्क लावते. मास्क कधी काढत नाही. हात साठ वेळा धुते. मग तो गेला कसा? उडत? त्या वॉर्डाच्या काचेपाशी आल्या तेव्हा आत त्यांची सर्वांत हुशार नर्स एका बाळाला सुई लावत होती. हात धुतलेले, मास्क नीट. तिने बाळाच्या हाताला स्पिरिट लावलं. मग अंगठा मास्कच्या आत, नाकाखाली अडकवून मास्क हनुवटीवर ओढला, ओठांचा चंबू केला आणि ओल्या कातडीवर हळूच फुंकर घातली. बाळ रडायचं थांबलं. मास्क वर. आणि त्याच अंगठ्याने कातडी ताणून तिने सुई आत सरकवली.

साबणबाईंनी काचेला हात टेकला. तो अंगठा त्यांचा होता. तो चंबू त्यांचा होता. स्पिरिट आपोआप वाळायला अर्धं मिनिट लागतं, तोवर बाळ हातपाय झाडतं, आणि ओलं असताना टोचलं तर झोंबतं. म्हणून त्यांच्या पहिल्या सिस्टरने त्यांना शिकवलं होतं, आईसारखी फुंकर घाल. ती त्यांनी दर वर्षी नव्या मुलींना शिकवली होती, स्वतः पुढे उभं राहून. साबणबाईंच्या हाताखालची मुलगी बाळाला रडवत नाही, असं बाहेर नाव होतं त्यांचं. चौतीस वर्षं. मास्क काढत नाही म्हणणाऱ्या बाईने तो दिवसातून वीसदा काढला होता, आणि त्याला काढणं म्हणतात हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

घड्याळात पावणेचार झाले होते. कागदावर नुसता क्रमांक येणार होता, तो कुणाचा हे सरांपलीकडे कुणाला कळणार नव्हतं. फुंकरीचं कुणालाच माहीत नव्हतं. पत्र गुपचूप मागे घेता आलं असतं, नाकात मलम घालून चार महिने सहज निघाले असते. हा विचार त्यांना आला, पुरता आला, आणि आपल्याला तो इतक्या सफाईने सुचला याचाच त्यांना दुसरा धक्का बसला.

आधी त्या काचेबाहेर उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या आईकडे गेल्या.

"तू विचारत होतीस ना, कुठून आलं. माझ्याकडून आलं."

मुलगी ओरडली नाही. तिने फक्त साबणबाईंच्या हातांकडे पाहिलं, धुऊन धुऊन पांढऱ्या पडलेल्या.

चारला सरांच्या खोलीत त्यांनी सगळ्या मुलींना आणि मावशीला बोलावून घेतलं आणि उभ्यानेच सांगितलं: मावशीचा काही संबंध नाही, नाक माझं, आणि फुंकर शिकवली तीही मीच. पत्र उचलून त्यांनी फाडलं. त्या हुशार पोरीचा हात नकळत मास्ककडे गेला आणि चटका बसल्यासारखा खाली आला.

मावशीच बोलली. "अकरा वर्षं बघतेय मी तुमची फुंकर. मला वाटायचं, सिस्टरच्या तोंडचा वारासुद्धा उकळूनच बाहेर येत असेल."

या वेळी कुणीच हसलं नाही.

साबणबाई वॉर्डाबाहेर राहिल्या ते नाक स्वच्छ असल्याचा कागद येईपर्यंत. पाच दिवस नाकात मलम. घरात जेवणाचं ताट वेगळ्या खोलीत नेलं, बाळाच्या कपड्यांच्या कपाटाची किल्ली सुनेला देऊन टाकली. सून म्हणाली, आई, एवढं काय. नवऱ्याने थट्टा करायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा बघून मिटलं. बाराशे ग्रॅमचं बाळ सहाव्या दिवशी दूध ओढायला लागलं. वाचलं. उजव्या खुब्याच्या सांध्यात पू गेला होता, त्याचं काय ते चालायला लागल्यावर कळेल, सर म्हणाले.

परतल्यावर पहिल्याच सकाळी एका बाळाला सुई लावायची होती. हात धुतले. स्पिरिट लावलं. बाळाने टाहो फोडला. मास्कच्या आत ओठांचा चंबू आपोआप झाला आणि अंगठा वर निघाला.

"सिस्टर, अंगठा," दारातून मावशी म्हणाली. फरशी पुसायची थांबलीसुद्धा नाही.

अंगठा हवेतच राहिला. साबणबाई वळल्या, नळापाशी गेल्या, पुन्हा कोपरापर्यंत हात धुऊन आल्या. पुन्हा स्पिरिट लावलं आणि मनात आकडे मोजायला लागल्या. तीस होईपर्यंत बाळ रडत होतं.