सहावी गोधडी

दसऱ्याची धुणी निघाली की साळूबाई घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या पानशेतच्या पाण्यावर नेई. यंदा धुऊन दगडांवर वाळत घातल्या, राखणीला नवऱ्याला, धनाजीला, बसवलं आणि ती घर सारवायला गेली. तेवढ्यात शेफाली मॅडमची गाडी आली. साळूबाई त्यांच्याच बंगल्यावर झाडलोट करी. प्रदर्शनासाठी त्यांना पाच गोधड्या द्यायच्या ठरल्या होत्या. धनाजीनं सहा दिल्या.

"पाच म्हनलं व्हतं न्हवं? डोळं फुटलं व्हतं का?"

"अगं, मॅडमच म्हनल्या, ही लई झ्याक हाय. मला काय, सगळी ठिगळंच."

ती वैष्णवीची होती. ताप डोक्यात जाऊन लेक गेली, तेव्हा तिचे फ्रॉक, शाळेचा गणवेश, सगळं साळूबाईनं त्या गोधडीत शिवलं. तीन वर्षं तिनं दुसरं काही पांघरलं नव्हतं.

मॅडमचा फोन लागेना. चौथ्या दिवशी साळूबाई एसटीनं पुण्यात पोचली.

प्रदर्शनात गोधडी काचेमागं होती. शेजारची पाटी तिनं अक्षर अक्षर लावून वाचली: 'धोंडाबाई. वेल्ह्याच्या डोंगरातली मेंढपाळ कलावंत. कुणाला भेटत नाही.'

"ही कोन सटवी?"

"अशी कुणी नाहीच," शेफाली कुजबुजली. "मीच रचलीय. नसलेल्या बाईवर लोक कसा विश्वास ठेवतात, तेच दाखवायचंय. हळू बोला ना."

"तुमचं ऱ्हाऊ द्या. माझ्या पोरीची गोधडी द्या."

"ती विकली गेली, साळूबाई. दहा दिवसांनी परदेशी जाईल. दुसरी शिवा, कापड मी देते."

"आन् पोर कुठनं आनू?"

"मला माहीत नव्हतं हो. पण आता शब्द दिलाय मी."

साळूबाई काचेला गाल लावून खाली बसली. रखवालदार उठवायला आला, तशी ओरडली, "हात लावू नगंस! मीच हाय धोंडाबाई!"

लोक वळले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेफाली घाईनं वाकली.

"बसा. दहाही दिवस बसा. पण धोंडाबाई म्हणूनच. तिला नवरा नाही, मूलबाळ नाही. सांभाळाल?"

साळूबाईनं मान डोलावली.

चष्मेवाली एक बाई शेजारी टेकली. "काय सुंदर शिवलंय हो! मुलं किती तुम्हाला?"

काचेपलीकडं गणवेशाचा निळा तुकडा दिसत होता. उसवलेल्या खिशासकट.

"न्हाई," साळूबाई म्हणाली. "मला कुनीच झालं न्हाई."