चाकातून घेतलेला दोर

पक्के हे काही त्याचं आडनाव नव्हे. पिकअपच्या हौद्यात सायकली भरून दोर आवळला की तो वर एक थाप मारायचा आणि म्हणायचा, "पक्कं!" लोकांनी त्याचाच पक्केमामा करून टाकला. तीस वर्षं त्यानं एकाच मालकाच्या सायकली दुकानादुकानांत पोचवल्या, एकीलाही ओरखडा नाही. असला माणूस कुणाचं ऐकेल? नाव काढू नका!

त्याची रीत ठरलेली. एका सायकलीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे. पायडल शेजारणीच्या तारांत घुसू नये म्हणून मध्ये जुनी गोधडी. आणि दोर चाकातून घेऊन हौद्याच्या कडीला. चाकातूनच! फ्रेममधून घेतला की रंग खरचटतो आणि मालक बोंब मारतो.

त्याची मुलगी त्याच मालकाच्या दुकानात सायकली जोडायची. तिच्या हातात पाना बघून लोक आधी फिदीफिदी हसले, मग तिच्याकडूनच काम करून घ्यायला अडून बसू लागले. बापाला त्याचं कोण कौतुक! पण तोंडावर सांगेल तर शपथ.

एके दिवशी नव्या तऱ्हेच्या सायकली आल्या. चाकाला नट नाही, नुसता खटका. तो उघडला की चाक हातात. मुलीनं बारा सायकली जोडल्या, प्रत्येक खटका दोनदा दाबून पाहिला. बाप हौद्यात चढून नेहमीसारखा चाकांतून दोर ओवत होता.

"बाबा, ह्यांना फ्रेममधून बांधा. खटका कशाला अडकून उघडला तर चाक राहील तुमच्या दोरात आणि सायकल जाईल रस्त्यावर."

"कालची पोर तू, मला दोर शिकवतेस?"

"फ्रेमला कापड गुंडाळून देते हवं तर."

"जा, आपलं काम बघ." त्यानं थाप मारली. "पक्कं!"

पुलाच्या उतारावर गाडी खड्ड्यात दाणकन आदळली. शेवटच्या सायकलीचा खटका शेजारच्या हँडलला अडकून उघडला. सायकल हौद्याच्या मागच्या फाळक्यावरून उडाली ती मागून स्कूटरवर येणाऱ्या नर्सच्या अंगावर. बाई ड्यूटी संपवून घरी चालली होती. तिचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

पोलीस चौकीत बाप, मुलगी, मालक, सगळे हजर. चाक अजून हौद्यातच, दोरात अडकलेलं. साहेबांनी ते दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, तसूभरही हललं नाही.

"गाठ तर एक नंबर आहे," साहेब म्हणाले. "ह्या माणसाची काही चूक दिसत नाही."

"खटका ढिला राहिला असणार," मालक लगेच बोलला. "जोडणारीनं आवळलाच नाही."

मुलीनं बापाकडे पाहिलं. एवढंच सांगायचं होतं त्याला, की पोरीनं बजावलं होतं आणि मीच ऐकलं नाही. शब्द जिभेवर आलेही होते. पण लायसन्स गेलं तर? तीस वर्षांचं नाव? मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला, तरी तोंड काही उघडलं नाही. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला.

मुलीनं बराच वेळ वाट पाहिली. "माझ्याकडूनच राहिला असेल," ती म्हणाली, आणि जबाबावर सही करून मोकळी झाली.

तिचं काम गेलं. पुढे कुणी तिला साधं पंक्चरसुद्धा काढायला दिलं नाही. एकदा नर्सचा नवरा दारात आला आणि तोंडाला येईल ते बोलला. ती उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकून घेत होती. बाप आतल्या खोलीत कडी लावून बसला होता. काय म्हणावं ह्या माणसाला!

वर्ष झालं असेल. भरलेली गाडी सकाळी घरासमोर उभी होती. पक्केमामा निघण्याआधी दोर आवळत होता. मुलगी अंगण झाडायला बाहेर आली आणि केरसुणी हातातच धरून थांबली. दोर प्रत्येक सायकलीच्या फ्रेममधून गेला होता. बापानं थापेसाठी उचललेला हात तसाच खाली घेतला.

ती घरात जाऊन एक जुनी ओढणी घेऊन आली आणि त्याच्या हातात दिली.

"मध्ये कापड घाला," ती म्हणाली. "रंग खरचटेल."