हँडलचा मान

बोटीच्या इंजिनात पाणी शिरलं म्हणून एका सरळ माणसाला चोर ठरवलं, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पण आठवलं की माझं डोकं अजून तापतं. मी तेव्हा सोलापुरात गावोगाव उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींची इंजिनं दुरुस्त करायचो. पावसाळ्यात ओढ्यात अडकलेल्या मोटारी सुकवून चालू करणं हा माझा नेहमीचा धंदा, त्यामुळं पाणी आणि इंजिन यांचं वैर मला चांगलं ठाऊक होतं.

शहरातल्या वकील, डॉक्टर, व्यापारी मंडळींनी एक क्लब काढला होता. हिप्परग्याच्या तलावावर हवा खायला म्हणून त्यांनी मुंबईहून एक जुनी बोट रेल्वेनं आणवली. होती शिडाची, पण वारा पडला तर परत येता यावं म्हणून तिच्या पोटात पेट्रोलचं छोटं इंजिन बसवलेलं होतं. उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी भांडणाऱ्या आमच्या गावाला शिडाची बोट कशाला हवी, असं कुणी विचारलं नाही. हौसेला मोल नसतं. ती सांभाळायला तलावाकाठचा एक भोई ठेवला होता. पन्नाशीचा, बायको वारलेली, आणि एकुलत्या एका मुलीची सोयरीक जेऊरच्या बाजूला जुळत आलेली.

एके दिवशी क्लबचे अध्यक्ष रावसाहेब, म्हणजे शहरातले मोठे वकील, यांचा निरोप आला. पुण्याहून आलेल्या बड्या पाहुण्यांना आदल्या दिवशी बोटीतून फिरवायचं होतं आणि इंजिन काही केल्या चालू झालं नाही. भोयानं पेट्रोल विकून टाकीत तलावाचं पाणी भरलं, हे रावसाहेबांनी मला पहिल्याच वाक्यात सांगितलं. त्याला कामावरून काढलंही होतं. आता फक्त मी तपासून तसं सांगायचं बाकी होतं. सगळा जन्म कोर्टात गेलेल्या माणसानं निकाल आधी आणि तपास मागून करावा, याची मला तिथंच चीड आली.

मी बोटीवर गेलो. भोई काठावर उकिडवा बसला होता, त्याला मीच बोलावून घेतलं. इंजिन चालू करायचं हँडल फिरवून पाहिलं तर ते अर्ध्यात घट्ट अडकलं. प्लग काढले आणि पुन्हा फिरवलं, तेव्हा प्लगच्या भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. म्हणजे पाणी होतं हे खरं, प्रश्न कुठून आलं एवढाच. टाकीतलं पेट्रोल मी काचेच्या बाटलीत काढून उन्हात ठेवलं. पाणी असतं तर ते तळाशी वेगळं बसलं असतं. बाटली तळापर्यंत स्वच्छ होती. इंजिनाला कुठं चीर गेलीय का तेही पाहिलं, गेली नव्हती. शेवटी धूर बाहेर टाकणारा नळ सोडवला, आणि त्यातून तांब्याभर पाणी माझ्या धोतरावर आलं.

या बोटीचं इंजिन थंड राहावं म्हणून एक पंप तलावाचं पाणी आत ओढायचा आणि ते पाणी त्याच नळातून धुराबरोबर मागं पडायचं. इंजिन चालू असलं की धूर पाण्याला ढकलून देतो. पण नुसतंच हँडल फिरवत राहिलं, तर पंप पाणी ओढतो, धूर काही येत नाही, आणि नळ भरला की पाणी उलटं इंजिनात शिरतं. एवढं हँडल फिरवलं कुणी, असं मी भोयाला विचारलं.

"समद्यांनी," तो म्हणाला. "मान हुता की."

मग त्यानं सांगितलं ते ऐकून मी कपाळावर हात मारला. आमच्याकडं मानावाचून पान हलत नाही. यात्रेत काठी कुणी आधी उचलायची यावरून जिथं वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं, तिथं बोटीच्या हँडलला तरी मानकरी का नसावेत? हँडलला हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि मंडळींनी ज्येष्ठतेप्रमाणं एकेक करून ते दमेपर्यंत फिरवलं. इंजिन मात्र पाहुण्यांच्याच हातून चालू व्हायला हवं होतं. मध्येच एखाद्या धान्याच्या व्यापाऱ्याच्या हातून झालं तर पाहुण्यांचा मान गेला असता. म्हणून तोवर पेट्रोलची चावी, म्हणजे टाकीखालची तोटी, बंद ठेव, असा रावसाहेबांचाच हुकूम होता. भोयानं तो पाळला. पाहुण्यांची पाळी आली तोवर इंजिनाच्या पोटात तलाव शिरलेला. हात दाखवून अवलक्षण यांनी केलं, आणि चोर ठरला हा.

रावसाहेबांना मी बोटीवर आणलं. इंजिन कोरडं केलं, पेट्रोल बंद ठेवून त्यांच्यादेखत हँडल फिरवत राहिलो आणि प्लग काढून पाणी दाखवलं. मग तलावाचं पाणी आत घेणारा कॉक बंद करून तेच केलं, तर थेंब आला नाही. त्यांना सगळं समजलं, ते काही खुळे नव्हते. म्हणाले की तुमचं खरं आहे मिस्त्री, पण आम्ही पाहुण्यांना पेट्रोलचं सांगून बसलो, आता मंडळींचं हसं करून घ्यायचं का? बाहेर आहे तेच राहू दे. भोयाला मी कामावर परत घेतो, त्याचं काही नुकसान होणार नाही. हे त्यांनी दान केल्यासारखं सांगितलं.

माझ्या तोंडाशी शिवी आली होती. पण भोईच पुढं झाला.

"रावसाहेब, चोर असलो तर कामावर ठिवता कशाला? आन नसलो तर चोर म्हन्ता कशाला?"

भोयानं अजून त्याच्याकडंच असलेली बोटीची किल्ली फळीवर ठेवली आणि तो बांधावरून गावाकडं चालू लागला. तो दिसेनासा होण्याआधीच रावसाहेब मला म्हणाले, या लोकांचं भलं करायला जाऊ नये.

भोयाच्या मुलीच्या होणाऱ्या सासरी चोरीची बातमी पोचली होती आणि जुळत आलेली सोयरीक अडून बसली होती. भोई स्वतःहून कुणाला सांगत सुटणारा नव्हता, म्हणून मीच गाडीनं जेऊरला उतरलो आणि पायी त्यांच्या वस्तीवर गेलो. मुलाच्या बापाला ओसरीवर बसवून पंप, नळ, चावी, मान, सगळं फोड करून सांगितलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मला गूळ आणि पाणी दिलं. मग म्हणाला,

"तुमी म्हन्ता ते खरं असंल, मिस्त्री. पर रावसाहेबांच्या तोंडून तसं आलं न्हाय की."