शालिक मिस्त्री आणि निळं मिथेनॉल

बॉनेट उघडलं की शालिक मिस्त्री आधी हवेच्या नळीतला नाजूक सेन्सर काढत, सुताच्या चिंधीत गुंडाळत आणि शर्टाच्या खिशात ठेवून वर सेफ्टी पिन लावत. खिशावर सांडू नये म्हणून चहासुद्धा मान पुढे काढून पीत. मोहाडीतलं त्यांचं घर विणकरांचं. आत माग चाले आणि अंगणात गॅरेज.

मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. माझ्याकडे जुनी टर्बो गाडी होती आणि डोक्यात घाटचढणीची शर्यत. चाळिशीत माणसाला असं काहीतरी होतं. इंजिनात जाणाऱ्या हवेवर मिथेनॉलचा फवारा मारला की हवा थंड होते, जोर वाढतो, असं वाचून मी सामान मागवलं आणि तोटी कुठे बसवायची याचं चित्रही काढून नेलं.

"सर, तुमी तं तोटी सेन्सरच्या आंगावरच सोडली," मिस्त्री म्हणाले.

"मग? हवा तिथूनच जाते ना?"

"जाते. पन हवा किती गरम हाये, थे सेन्सर सांगते. त्याले ओला केला तं तो म्हनन, लय थंडी हाये. इंजिन त्याचं आयकन अन् जोर लावन. मंग पिस्टन फुटन नाही तं काय होईन? पोराच्या आंगात ताप हाये का, थे थर्मामीटर पान्यात बुडवून पाह्यता का तुमी?"

विज्ञानाच्या शिक्षकानं चित्र घडी करून खिशात घातलं. त्यांनी तोटी सेन्सरच्या बरीच पुढे, इंजिनाच्या बाजूला बसवली. सेन्सर कोरडा राहिला.

मिथेनॉलचा कॅन गॅरेजमध्येच होता. मिस्त्रींचे थोरले भाऊ विठोबा रोज दुपारी तिथल्या बाकावर येऊन बसत. मोहाच्या दारूशी त्यांचं जुनं सख्य. शर्यतीला दोन दिवस उरले असताना त्यांनी कॅनमधलं ग्लासात ओतलं. मिस्त्रींनी ग्लास हातातून उडवला.

"दादा, हे मोहाची नोहे! पेलं तं डोळे जातीन!"

"पहिल्या धारेचीले बी लोक असंच म्हनतेत," विठोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गाडी न्यायला गेलो तर कॅनमधलं मिथेनॉल निळंशार झालेलं. मिस्त्रींनी त्यात सुताला द्यायचा रंग ओतला होता. मी भडकलो. हा रंग तोटीत बसणार, इंजिनातून जळून धुराच्या वाटेवरचा सेन्सर खाणार.

"खाईन," मिस्त्री म्हणाले. "आता हे गाडीच्या कामाचं नाही."

"कुलूप लावायचं होतं!"

"तीनदा लावलं, सर. किल्ली कोठी हाये, थे दादाले माह्यापेक्षा जास्त मालूम रायते. पन रंगाच्या हांड्याले हात लावला का आमचा बाप झोडपे. सकाळी दादानं झाकन उघडलं, निळा रंग पाह्यला अन् गुपचूप लावून देल्लं."

"आणि माझी शर्यत?"

"शर्यत पुढच्या साली बी होईन. सेन्सर नागपुरात भेटते. दादाचे डोळे कोन्त्या दुकानात भेटतीन?"

शर्यतीत मी शेवटून दुसरा आलो. माझ्या मागच्याची गाडी घाटात बंद पडली होती. तरी राग मिस्त्रींवरच काढला आणि पुढचे तीन महिने गॅरेजकडे फिरकलो नाही. कबूल करायला आजही लाज वाटते.

नंतर माझी बदली भंडाऱ्याला झाली. गेल्या वर्षी शालिक मिस्त्री झोपेतच गेल्याचं कळलं आणि मी मोहाडीला पोचलो. अंगणात गर्दी होती. मी रस्त्यापलीकडे उभा राहिलो. इतक्या वर्षांनी कोणी ओळखेल असं वाटलं नव्हतं. ओसरीवर पंचाहत्तरीचे विठोबा बसले होते, चष्म्याशिवाय.

"सर," त्यांनी तिथूनच हाक मारली, "उन्हात कायले उभे हा? इकडं या."

मला रस्ता ओलांडायला थोडा वेळ लागला.