खळ्यावर काढलेली गाडी

माझ्या बायकोला म्हशाच्या जत्रेत मुक्काम करायचा होता. जाऊन यायचं नव्हतं, मुक्काम करायचा होता. लग्नाआधी दर पौषात ती बापाच्या बैलगाडीतून जायची, दोन रात्री पेंढ्यावर झोपायची आणि तिसऱ्या दिवशी घसा बसवून घरी यायची. लग्नानंतरच्या सात वर्षांत, पहिलं सोडलं तर, मी तिला सकाळच्या एसटीनं नेलं आणि संध्याकाळच्या एसटीनं आणलं. पहिल्या वर्षी मुक्कामाचा प्रयत्न केला होता, नाही असं नाही. पण मला जमिनीवर झोप येत नाही, आणि पहाटे कुठे डोळा लागतो तोच एका खिलारी बैलानं माझ्या डोक्याखालचा पेंढा खायला घेतला. बैलाचा श्वास कानात गेलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही.

आठव्या वर्षी, दिवाळीचा फराळ संपता संपता, ती शांतपणे म्हणाली, "यंदा मी भावाबरोबर जाते. तुम्ही घरी राहा. गादीला सोबत होईल."

हे मला लागलं. मी शहापूरच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचो आणि उरलेल्या वेळात सुतारकाम करायचो. सुतारकाम म्हणजे हौस. मी केलेल्या स्टुलावर बसलेला माणूस नेहमी शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगायला वाकल्यासारखा दिसायचा. पण हौशी माणसाला मागचं स्टूल आठवत नाही, पुढचं कपाट दिसतं.

मला कपाट दिसलं नाही. मला त्याहून भयंकर काहीतरी दिसलं. बाजारातल्या रद्दीच्या दुकानात, वजनावर विकायला ठेवलेल्या गठ्ठ्यात, एक परदेशी मासिक सापडलं. त्यात एका लाकडी गाडीचं चित्र होतं. दोन चाकांवर आडवा पडलेला पाण्याचा थेंब. पुढून गोल गरगरीत, मागे निमुळता. बाजूला एवढंसं दार, आत दोघांपुरती गादी, आणि मागचं झाकण वर उचललं की चक्क स्वयंपाकघर. ही गाडी मोटारीच्या मागे जोडायची, हवी तिथे न्यायची आणि आत पाय लांब करून झोपायचं. बैलाचं नाक आत येण्याची सोयच नाही!

मी घरी जाऊन नाट्यमय पद्धतीनं चित्र तिच्यापुढे धरलं. "तुला जत्रेत मुक्काम हवा ना? हा घे बंगला."

तिनं बराच वेळ पाहिलं. "मागे हे काय?"

"स्वयंपाकघर."

"म्हणजे तिथंही मीच रांधायचं."

"मी चहा करीन."

"आणि ओढणार कोण हे?"

"आपली स्कूटर."

"आपली स्कूटर? शेणव्याकडच्या चढावर मी उतरते तेव्हा कुठे ती चढते!" पण तिच्या तोंडावर हसू आलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिनं माहेरी निरोप धाडला की भावाच्या गाडीत तिची जागा ठेवू नका, आमची स्वतःची गाडी येते आहे. झालं. आता गाडी झाली नसती तर ती जत्रेला गेली तरी मान खाली घालून गेली असती, आणि ती मान मी वर्षभर पाहिली असती.

शहापुरात आमच्या दोन खोल्या. तिथे एवढी गाडी आखायला कागद नव्हता आणि कागद असता तर अंथरायला जमीन नव्हती. धसईजवळ सासुरवाडीला मात्र खळं होतं, शेणानं सारवलेलं, पाटीसारखं गुळगुळीत. मार्गशीर्षातल्या एका रविवारी मी बायकोसह तिथे पोचलो. खिशात चुन्याची पुरचुंडी, सुतळी आणि मोजपट्टी.

योजना अशी होती. रविवारी खळ्यावर गाडीची बाजू खऱ्या मापात आखायची. आठवडाभरात मुरबाडहून टेम्पोनं प्लायवूडचे दोन मोठे तक्ते यायचे. पुढच्या रविवारी गावातला सुतार ते तक्ते खळ्याशी मांडून, आखणी त्यांवर उतरवून कापणार. सुताराकडे तेवढा एकच दिवस होता. जत्रेआधी सगळा मुलूख बैलगाड्यांची चाकं ठोकून घ्यायला त्याच्या दारात उभा असतो.

मासिकातली मापं परदेशी माणसांची. मला आमची हवी होती. म्हणून मी बायकोला खळ्यावर उताणं झोपवलं आणि तिच्याभोवती चुन्याची रेघ मारायला लागलो. बघायला अर्धा पाडा कुंपणाशी आला.

"काय करतंय गो जावय?"

"बायकोला आखतंय."

"आखून कुठं नेतंय?"

तेवढ्यात माझ्या सासूबाई पाण्याची कळशी घेऊन आल्या. पोटची पोर खळ्यात डोळे मिटून सरळ पडलेली आणि तिच्याभोवती पांढरी रेघ! त्यांनी कळशी सोडली आणि असा टाहो फोडला की आंब्यावरचे कावळे उडाले.

"उठ गो, उठ! जितीजागती पोर अशी आखतात? जावयबापू, हे काय अभद्र काढलाव?"

बायको उठून बसली आणि हसत सुटली, त्यामुळे तिची रेघ कमरेपाशी बिघडली. मी तिच्या जागी स्वतः झोपलो आणि स्वतःला आखलं, ते आणखी अभद्र. अखेर माणसांच्या रेघांभोवती सुतळी धरून माझा थेंब आखला आणि आतल्या रेघा पुसून टाकल्या. पुढचा गोल, मागची निमुळती शेपटी, दार, चाक. आणि प्रत्येक ठिकाणी मी आकडे लिहिले, चुन्यानं, ठसठशीत. वहीत उतरवले नाहीत. गणिताचा मास्तर वहीत कशाला उतरवील? खळं पळून जाणार होतं थोडंच!

पण सासऱ्यांनी खळ्याच्या कडेला उभं राहून खाकरून घेतलं. "जावयबापू, अजून एक उडवी झोडायची हाय." म्हणजे भाताच्या भाऱ्यांची एक अख्खी रास झोडायची राहिली होती, आणि ती माझ्या गाडीवरच झोडली जाणार होती.

"मामा, एक आठवडा," मी म्हणालो.

"आठवडाभर कोन थांबतंय? पोरं खेळतील, कोंबड्या उकरतील."

इथे मला ती कल्पना सुचली. आजही मला तिचा अभिमान वाटतो आणि लाजही, साधारण निम्मी निम्मी. मी देवघरातून हळद-कुंकू आणलं. थेंबाच्या मधोमध सुपारी ठेवली, चार झेंडूची फुलं वाहिली, डोळे मिटले आणि पायथागोरसचा सिद्धांत गंभीर चालीत पुटपुटलो. मग खर्जात म्हणालो, "अभद्र गेलं. आता ह्याच्यावर रविवारपर्यंत कुणाचा पाय पडता कामा नये."

सासूबाईंनी पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला. सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांना सगळं कळलं असावं, पण स्वतःच्या बायकोसमोर बोलून कोण वाईट होणार? त्यांनी भारे उचलले आणि शेजाऱ्याच्या खळ्यावर नेऊन झोडले.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो, पण एसटी मुरबाडच्या अलीकडे बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरून इंजिनाशी बोलत बसला. आम्ही नऊऐवजी बारा वाजता पोचलो. पाड्याच्या टोकालाच लाकडाच्या भुशाचा वास आला. सुतार गूळ-शेंगदाणे खात आरामात बसला होता.

"या गुर्जी! काम झाला. दोन्ही तक्ते कापून ठेवलेत. तुमी काढलाव तसा. एक रेघ इकडं नाय का तिकडं नाय."

मी आनंदानं तक्ते पाहायला गेलो आणि जागेवर थांबलो.

समोर दोन कोयऱ्या होत्या.

साडीच्या पदरावर असते तशी कोयरी. पोट फुगलेलं, आणि शेपटी निमुळती होता होता वर वळून, लाडात येऊन, स्वतःभोवती वेटोळं घातलेली. दाराच्या जागी समईच्या आकाराचं भोक. मी खळ्याकडे धावलो. तिथे माझी आखणी नव्हती. तिथे पांढरी, लाल, पिवळी अशी थोर कलाकृती होती. चाकाचं आठ पाकळ्यांचं कमळ झालं होतं. कडेला ठिपक्यांची नक्षी होती. माझ्या आकड्यांपैकी चारचा आकडा सासूबाईंना आवडला असावा, कारण तो चारही कोपऱ्यांत, वेलीसारखा, पुन्हा पुन्हा काढलेला होता. बाकीचे आकडे गळले होते.

"मामी," मी म्हणालो, आणि माझा आवाज वर्गात येतो तसा आला नाही. "हे काय केलं?"

सासूबाई कौतुकाच्या अपेक्षेनं पुढे आल्या. "रोज काढली मी. एक दिस चुकला नाय."

"पण रोज कशाला? मी काढली होती ना!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी विचारलं होतं की आंघोळ रोज कशाला. "हळदी-कुंकू वाहिलेली रांगोळी शिळी ठेवतात का कुठं? पहाटं उठून सारवायची, नवी काढायची. तुमीच पूजा केलीत, आन तुमीच विचारता?"

बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर. नुसता चुना राहू दिला असता तर कदाचित कोंबडीनं एखादा कोपरा उकरला असता. मी मात्र चुन्याची रांगोळी केली होती, आणि रांगोळी कालची चालत नाही. जपण्यासाठी मी जे केलं त्यानंच ती सहा वेळा पुसली गेली आणि सहा वेळा नव्यानं, नजरेनं, रोज थोडी अधिक सुंदर होत उगवली. सोमवारी शेपटीला जरासा बाक आला असेल. बुधवारी बाक शोभतोय म्हणून वाढला असेल. शनिवारी कोयरी झाली.

"सुतारदादा, तुम्हाला तरी वाटलं नाही का, ही कसली गाडी?"

"वाटला ना," सुतार म्हणाला. "पन गुर्जींचा डोकाच मोठा, मी म्हटला, असंल कायतरी भूमितीतला."

मी कोयरीत आडवा पडून पाहिलं. गुडघे पोटाशी घेतले तर मावत होतो, फक्त मान समईतून बाहेर काढावी लागली असती. कुंपणाशी जमलेला पाडा इतका हसला की एक म्हातारा खोकायला लागला आणि त्याच्या पाठीत थोपटावं लागलं. मीही हसलो असतो. पण माझं लक्ष बायकोकडे गेलं, आणि ती हसत नव्हती. पौर्णिमेला बारा दिवस होते. सुतार जत्रा होईपर्यंत पुन्हा मिळणार नव्हता. आणि भावाच्या गाडीतली तिची जागा तिनं स्वतः सोडली होती, ती आता वहिनीच्या बहिणीला दिलेली होती.

"एसटीनं जाऊ," ती म्हणाली. "संध्याकाळी परत येऊ. सवय आहे मला."

ह्यापेक्षा तिनं कोयरी माझ्या डोक्यात घातली असती तर बरं झालं असतं.

सासरे उठले, एका तक्त्यावर बोटांनी टकटक केलं, कडेनं हात फिरवला. "माल चांगला हाय," ते म्हणाले. "माझी जुनी गाडी पडलीय गोठ्यामागं. दोन बाजूंना दोन तक्ते बांधू. वर ताडपत्री. खाली बाज कापून बसवू, जावयबापूंच्या पाठीसाठी. बैल माझे. काय गो, जाशील?"

"कोयऱ्या लावून?" ही म्हणाली.

"मग काय झाला? म्हशात लोक काय काय घेऊन येतात."

तिनं कोयरीकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. आणि मग तिचा चेहरा असा काही उघडला की मी ताबडतोब रंधा हातात घेतला, कारण काहीतरी केल्याशिवाय उभं राहवेना. त्या दुपारी आणि पुढच्या रविवारी मी कडा घासल्या, आणि खरं सांगतो, वेटोळ्याच्या आतली कड घासणं हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत सफाईदार काम आहे. सासूबाईंनी गेरूनं ठिपके काढले. चारचा आकडाही काढला.

जत्रेत आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. बैलबाजाराच्या कडेला गाडी लावली, आणि पाच मिनिटांत तिच्यापुढे रांग लागली.

"इथं काय मिळतंय?" एकानं समईच्या भोकातून आत डोकावून विचारलं.

"काही नाही," मी आतून, बाजेवर आडवा पडल्या पडल्या, म्हणालो.

"मग आतमंदी कोन हाय?"

"माणूस."

"कसला मानूस? तिकीट कितीचा?"

बायको चाकाशी उभी होती. तिनं पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गणिताचे मास्तर आहेत. आज झोपलेत, उद्या या." रांगेतल्या दोन-तीन जणांनी उद्या किती वाजता, हेही विचारून घेतलं.

दोन दिवस ती मला फारशी दिसली नाही. मधूनच येऊन गरम भजी आत सरकवायची, कोण भेटलं ते अर्ध्या वाक्यात सांगायची आणि पुन्हा गर्दीत शिरायची. बाजेवर मला झोप उत्तम लागली. भोकातून बैल आत डोकावायचे, पण त्यांची शिंगं मावायची नाहीत.

तिसऱ्या सकाळी सासरे बैल जुंपायला आले, तर ही जुवावरून उठेना आणि गाडी हलू देईना. घसा पुरता बसला होता. खुणेनंच तिनं बापाला सांगितलं की बैल न्यायचे तर न्या, गाडी आणखी दोन दिवस इथेच राहील. मग माझ्याकडे वळून, हवेत लिहिल्यासारखं करून, शाळेला रजेचा अर्ज पाठवायची खूण केली.

मी मुकाट्यानं कागद घेतला आणि बाजेवर मांडी घालून अर्ज लिहायला बसलो. कारणाच्या जागी काय लिहावं ते बराच वेळ सुचेना.