फडक्यावरची रिकामी जागा

हवाईतला माझा शेजारी नागपूरचा. चाळिशीनंतर विमानदुरुस्ती शिकला. बेटावर या कामाच्या जागा मोजक्याच. बरोबरचे मेनलँडला, म्हणजे मुख्य अमेरिकेत गेले. याच्या म्हाताऱ्या आईला हे घर सोडवत नाही, म्हणून हा अडलेला.

शेवटी विमानतळावर एक जागा निघाली. मुलाखतीच्या सकाळी चैन पडेना, तर माझ्या बायकोचं शिलाई मशीन उघडून बसला. ती मेल्यापासून ते जाम होतं. हत्यारं नेहमीसारखी फडक्यावर ओळीनं मांडली. काम संपलं, पण एक जागा रिकामी राहिली.

"तू जा. मी शोधतो."

"काका, टूल आत राहिलं तर विमान सोडत नाहीत."

"हे काय उडणारेय का, गाढवा?"

हसला, पण उठला नाही. मशीनच्या पोटातून स्क्रू ड्रायव्हर निघाला तेव्हाच गेला. तिथं उशिराचं कारण विचारलं, यानं हेच सांगितलं. घेतलं त्याला कामावर.

कामाच्या पँटी त्याला लांब होतात. त्या मी बायकोच्या मशीनवर आखूड करून देतो.